ओसरी कोणी दिली?

पेडणे महालातील गावांना आपल्या सीमेची जाण उपजतच आहे. गावाच्या वेशीवर राखणदार उभा असतो, अशी तेथील जनतेची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. त्याच्या नावाने नारळ ठेवल्यावाचून शुभकार्यात पाऊल पुढे पडत नाही. आता मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यामुळे साऱ्या जगाची वेसच जणू पेडण्याच्या माळावर येऊन ठेपली आहे. त्यातून रोजगार येईल, व्यापार येईल, आणि तो यावा अशीच आमची इच्छा आहे. परंतु ज्या वाटेने व्यापार येतो, त्याच वाटेने व्यापाराचा वेष घेतलेली गुन्हेगारीही येते, हा जगाचा अनुभव आहे. अमली पदार्थ, माणसांची खरेदी-विक्री आणि काळा पैसा यांचा व्यवहार करणाऱ्या देशोदेशींच्या टोळ्या गोव्यात शिरल्या कशा, असा प्रश्न विधानसभेपासून चहाच्या दुकानापर्यंत सर्वत्र विचारला जातो. त्यांना बसावयास ओसरी कोणी दिली, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

हा रोग नवा नाही. १९६१ पूर्वी गोव्यात सोने उघडपणे आयात होत असे, आणि पलीकडे भारतात त्यावर निर्बंध होते. या तफावतीवर सीमेच्या दोन्ही बाजूंना एक धंदाच उभा राहिला. भारताने १९५५ मध्ये आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हाही सोने, घड्याळे आणि मद्य रानावनातल्या पायवाटांनी पलीकडे जात राहिले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पंजाबातून आलेल्या कर्नैलसिंग बेनिपाल यांनी तेथे देह ठेवला. हातात तिरंगा घेऊन येणाऱ्याला ती सीमा ओलांडता आली नाही आणि कमरेला सोने बांधून जाणाऱ्याला मात्र ती अडवू शकली नाही, या विसंगतीचा अर्थ त्या पिढीने पुरता ओळखला होता. सीमा कशासाठी बंद असते आणि कशासाठी उघडी राहते, हे केवळ बंदुकांवर ठरत नाही; ते पहारेकऱ्याच्या हितसंबंधांवर ठरते.

मुक्तीनंतरही सोन्याची वाट बंद झाली नाही, ती फक्त समुद्राकडे वळली. आखातातून येणारा माल रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर उतरत असे. १९९१ च्या मे महिन्यात कोस्ताव फर्नांडिस या सीमाशुल्क अधिकाऱ्याने दक्षिण गोव्यात सोन्याच्या संशयावरून एका मोटारीचा एकट्याने पाठलाग केला. झटापटीत समोरचा माणूस प्राणास मुकला, आणि कर्तव्य बजावणारा अधिकारीच खुनाचा आरोपी झाला. त्याचे कृत्य कर्तव्याचा भाग होते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य करीपर्यंत १९९६ साल उजाडले. प्रामाणिक माणसाला पाच वर्षे स्वतःचाच बचाव करीत बसावे लागते, तेव्हा इतर शंभर अधिकारी त्यातून कोणता धडा घेतात, हे सांगावयास नकोच.

मग सोन्याची ती तस्करी ओसरली कशाने? १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून सोने आणण्याची मुभा मिळाली आणि तस्कराचा नफाच आटला. पुढे २०१३ मध्ये आयातशुल्क १० टक्क्यांवर गेले आणि ती वाट पुन्हा वाहू लागली. जुलै २०२४ मध्ये ते १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणण्यामागे हेही एक कारण होते. म्हणजे गुन्हेगारीला शौर्य लागत नाही, तफावत लागते. एका ठिकाणी स्वस्त आणि दुसऱ्या ठिकाणी महाग, एका ठिकाणी निषिद्ध आणि दुसऱ्या ठिकाणी दुर्लक्षित असे काही दिसले की तिची पावले आपोआप तिकडे वळतात. तेथे तिला तीनच गोष्टी हव्या असतात: राहावयास जागा, कागदावर लावावयास नाव आणि अधिकाऱ्यांची डोळेझाक. या तिन्ही गोष्टी परदेशातून आणता येत नाहीत. त्या स्थानिकांकडूनच मिळवाव्या लागतात.

किनारपट्टीवरील अमली पदार्थांचा इतिहास याच चालीने गेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हणजूणच्या वाळूत हिप्पी आले, तेव्हा तो गावकऱ्यांना एक विचित्र तमाशा वाटला. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला. पण तोवर तमाशाचा बाजार झाला होता. बार्देशात गर्दी वाढली तसा तो शापोरा नदी ओलांडून मोरजी, आश्वे, मांद्रे आणि हरमलपर्यंत पोहोचला. परदेशी नागरिकाला येथे सहजासहजी जमीन घेता येत नाही. म्हणून कोठे कंपनीच्या नावाने, तर कोठे स्थानिक माणसाच्या नावाने व्यवहार झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या. येणारा प्रत्येक परदेशी गुन्हेगार असतो, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बहुसंख्य पाहुणे सूर्य आणि समुद्र यांसाठीच येतात. परंतु ज्या गावात कोण कोणाच्या नावावर धंदा करतो हे विचारण्याची रीतच उरत नाही, त्या गावात सज्जन आणि दुर्जन यांना सारखाच आडोसा मिळतो. तिहारमधून पळालेला चार्ल्स शोभराज ६ एप्रिल १९८६ रोजी पर्वरीच्या एका उपाहारगृहात सापडला. त्याला पकडावयास मुंबईचे पोलीस यावे लागले, हे आपण विसरू नये.

आता तर या व्यापाराची दिशाही बदलली आहे. पूर्वी माल बाहेरून येई आणि आपण केवळ बाजारपेठ होतो. डिचोलीला लागून असलेल्या सत्तरी महालात, पिसुर्ले येथील औद्योगिक वसाहतीत, जून २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने छापा घालून केटामिनचा साठा पकडला. त्या साखळीचे धागे महाराष्ट्रात रायगडपर्यंत आणि परदेशी नागरिकांपर्यंत गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो मेफेड्रोन हस्तगत केले. बंद पडलेला कारखाना, कर्जात बुडालेला मालक आणि रसायनशास्त्र शिकलेला बेकार तरुण हे तिघे एकत्र आले, की विष आपल्याच अंगणात शिजू लागते.

दिवसाढवळ्या, कागदपत्रांसह देशाबाहेर गेलेल्या संपत्तीची कथा डिचोलीहून अधिक चांगली कोण सांगेल? लोहखनिज हा काही निषिद्ध माल नव्हे आणि खाणव्यवसायाला आम्ही टोळ्यांच्या पंक्तीत बसवीत नाही. परंतु चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली, तेव्हा ट्रकांच्या रांगांनी डिचोली आणि साखळीचे रस्ते लाल झाले, मांडवीत बार्जेस दाटल्या आणि परवान्याची मुदत, मोजमाप व हद्द यांकडे पाहावयास कोणाला सवड उरली नाही. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये आला आणि खाणी बंद झाल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, २२ नोव्हेंबर २००७ नंतर ते खाणपट्टे कायदेशीर नव्हतेच. पाच वर्षे हा व्यवहार चालला तो रात्रीच्या अंधारात नव्हे, तर शिक्क्यांच्या उजेडात. आणि शिक्षा कोणाला झाली? कर्ज काढून ट्रक घेतलेल्याला, बार्जवर राबणाऱ्या खलाशाला, ज्याची विहीर आटली आणि शेत गाळाने भरले त्या शेतकऱ्याला. नफा देशोदेशी गेला, हप्ते मात्र डिचोलीत राहिले. कुंपणानेच शेत खाल्ले, की धन्याच्या वाट्याला एवढेच उरते.

अशा वेळी संताप परक्यांवर काढणे सोपे असते. ऑक्टोबर २०१३ मध्ये पर्रा येथे एका नायजेरियन नागरिकाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडविला आणि त्यानंतर कित्येक दिवस कातडीचा रंग पाहून माणसांना घरे नाकारली गेली. त्याने कोणता सूत्रधार सापडला? उलट २०१० मध्ये अमली पदार्थविरोधी पथकातील काही पोलिसांनाच तस्करांशी संगनमताच्या आरोपावरून अटक झाली होती. ते आरोप न्यायालयात किती टिकले हा भाग निराळा. परंतु लोकांच्या विश्वासाला गेलेला तडा अद्याप बुजलेला नाही. २००८ च्या फेब्रुवारीत हणजूणच्या किनाऱ्यावर एका पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा अंत झाला. खालच्या न्यायालयात सारे सुटले आणि उच्च न्यायालयात एकाला शिक्षा होण्यास २०१९ उजाडावे लागले. न्यायाला अकरा वर्षे लागतात असे दिसले, की म्हातारी मेल्याचे दुःख मागे पडते आणि काळ सोकावतो.

मग सरकारने करावे तरी काय? इटलीने या प्रश्नाची किंमत रक्ताने मोजली आहे. सिसिलीतील माफियाची मालमत्ताच जप्त करावी, हा आग्रह धरणाऱ्या पिओ ला तोर्रे यांना एप्रिल १९८२ मध्ये ठार मारण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात तो कायदा झाला. १९९२ मध्ये न्यायाधीश फाल्कोने आणि बोर्सेलिनो यांचे बळी गेले. १९९६ मध्ये तेथील संसदेने ठरविले की, जप्त झालेली जमीन व घरे समाजाच्या उपयोगास द्यावीत. माफियाच्या शेतांवर आज सहकारी संस्था गहू आणि द्राक्षे पिकवितात. तुरुंगातल्या म्होरक्याची जागा दुसरा घेतो. परंतु गावाच्या डोळ्यांदेखत त्याचे शेत शाळेकडे वा सहकारी संस्थेकडे गेले, की त्याचा दरारा संपतो.

आपल्याकडे कायद्यांचा दुष्काळ नाही. अमली पदार्थांतून मिळविलेली मालमत्ता जप्त करण्याची तरतूद १९८९ पासून आहे. काळ्या पैशाविरुद्धचा कायदा २००५ पासून अमलात आहे. भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून संघटित गुन्ह्याची स्वतंत्र व्याख्या केली आहे. सीमापार संघटित गुन्ह्यांविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारालाही भारताने २०११ मध्ये मान्यता दिली. उणीव आहे ती वापराची. दहा ग्रॅमसह सापडलेल्या पोराचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकते, परंतु ते दहा ग्रॅम ज्या पैशाने आले त्याचा माग लागत नाही. झडतीचे नियम, मोहोर आणि नमुने यांतील चुकांमुळे खटले ढासळतात, आणि त्या चुकांचा जाब कोणी विचारीत नाही.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. अमली पदार्थांच्या प्रत्येक मोठ्या गुन्ह्यात आर्थिक तपास त्याच दिवशी सुरू झाला पाहिजे. किनाऱ्यावरील प्रत्येक परवाना ज्याच्या नावाचा आहे, धंदा खरोखर त्याचाच आहे काय, याची यादी ग्रामसभेपुढे ठेवली पाहिजे. परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांत करणे घरमालकावर बंधनकारक आहे. ती टाळणाऱ्याला ओळखीवर सोडता कामा नये. पत्रादेवी, सातार्डा आणि दोडामार्ग या वाटांवर गोवा आणि सिंधुदुर्ग यांच्या पोलिसांनी एकमेकांकडे बोट न दाखविता एकत्र काम करावे, कारण गुन्हेगाराला राज्याची हद्द दिसत नाही, ती फक्त फायलींना दिसते. आणि धाडसी अधिकाऱ्याच्या पाठीशी सरकार पहिल्या दिवसापासून उभे राहिले पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. शेती परवडत नाही, खाण भरवशाची राहिली नाही. मग खोली आणि दुचाकी भाड्याने देऊन चार पैसे मिळविणाऱ्या पेडणेकराला तुम्ही चौकशांनी का छळता? आमचे उत्तर असे की, या प्रामाणिक माणसाचेच रक्षण व्हावे म्हणून हे सारे करावयाचे आहे. काळ्या पैशाने जमिनीचे भाव वाढले, की सर्वांत आधी त्याचाच मुलगा आपल्या गावात घर बांधण्यास असमर्थ ठरतो. व्यसनाचा पहिला फुकट डोस दूरच्या पर्यटकाला नव्हे, शेजारच्या महाविद्यालयीन पोराला मिळतो.

भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यात आपण नेहमी हातपाय पसरणाऱ्याला हसतो. ओसरी देणाऱ्याकडे आपले लक्ष जात नाही. सरकारने आपले काम केलेच पाहिजे आणि ते करवून घेणे हा आपला अधिकार आहे. परंतु नाव वापरू देताना, सही करताना, भाडे मोजून घेताना जो क्षणभर थांबून विचारतो, तोही गावाचा राखणदारच आहे. वेशीवरच्या राखणदाराला नारळ ठेवून घरात शिरणाऱ्या आपल्या समाजाला हे समजावून सांगण्याची वेळ यावी, याचाच आम्हांला अधिक खेद वाटतो.