नाडी पांढुर्ण्याला, वैद्य भोपाळला!

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण आपल्या पूर्वजांनी थट्टेने रचली. पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन तालुक्यांत मात्र ती राज्यकारभाराची रीत होऊन बसली आहे. येथला माणूस आजारी पडतो जाम नदीच्या काठी. त्याच्या आजाराची दखल घेणारी लेखणी फिरते भोपाळला, अडीचशे किलोमीटरांच्याही पलीकडे. आणि त्याला खरोखर बरे करू शकणारा तज्ज्ञ बसतो नागपूरला, जे शहर १९५६ सालापासून आमच्यासाठी कायद्याने परमुलूख झाले आहे. ह्या तीन टोकांच्या मध्ये जी पोकळी पडली आहे, तिचेच नाव 'तारीख'. न्यायालयातली तारीख अवघा देश जाणतो. दवाखान्यातली तारीख म्हणजे काय, ते सीमाभागातल्या रोग्याला विचारावे.

आधी एक शब्द तपासून घेऊ. 'तातडीचे नाही' असा शेरा मारला की सरकारी यंत्रणेची जबाबदारी संपते. अपघात झाला, सर्प डसला, बाळंतीण अडली, तर धावपळ होते. ती व्हायलाच हवी, आणि त्याबद्दल राबणाऱ्या परिचारिकेला व डॉक्टराला आम्ही मनापासून धन्यवाद देतो. परंतु मोतीबिंदू तातडीचा नाही, हर्निया तातडीचा नाही, गर्भाशयाची गाठ तातडीची नाही, गुडघा तातडीचा नाही, सिकलसेलच्या पोराची नियमित तपासणी तातडीची नाही! मग ह्यांनी कुठे जावे? तज्ज्ञ आठवड्यातून एखाद्या दिवशी येतील तेव्हा या. सोनोग्राफी करणारे आले की या. डोळ्यांचे शिबिर लागेल तेव्हा या. नाहीतर छिंदवाड्याला जा. रोगी निमूटपणे परततो. तो ओरडत नाही, म्हणून कोणाच्या वहीत त्याची नोंद होत नाही.

आणि 'तातडीचे नाही' हे ठरवणार कोण? संत्र्याच्या झाडाला शिडी लावून दिवसभर ओझे उतरवणाऱ्या मजुराला हर्निया झाला तर कागदावर तो थांबू शकतो. त्याचे पोट थांबू शकते काय? शस्त्रक्रियेची तारीख ऐन आंबिया बहाराच्या तोडीत आली तर तो ती चुकवतो, कारण त्या हंगामावर त्याचे वर्ष उभे असते; आणि एकदा चुकलेली तारीख पुन्हा मिळवायची म्हणजे पहिल्या पायरीपासून आरंभ. तोवर आतडे अडकले की कालचा 'थांबू शकणारा' रोगी आज रात्री रुग्णवाहिकेत नागपूरच्या वाटेवर असतो. मोतीबिंदू वर्षानुवर्षे पिकू दिला तर त्यातून काचबिंदू उद्भवू शकतो, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी जगातला कोणताही शल्यविशारद परत आणू शकत नाही. दिरंगाई हीच तातडीची जननी आहे. जे सरकार साध्या आजाराला वेळ देत नाही, ते गंभीर आजाराची पेरणी करत असते.

ही दिरंगाई कोणा एका डॉक्टराच्या आळसाने झालेली नाही. खुद्द केंद्र सरकारच्या २०२१-२२ सालच्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीने कबूल केले आहे की देशातल्या ग्रामीण सामूहिक आरोग्य केंद्रांत शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भिषग्वर ह्या चार तज्ज्ञांची तूट जवळजवळ ८० टक्के आहे. पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या! ज्या राज्यांत ही तूट मोठी म्हणून नोंदली गेली, त्यांत मध्य प्रदेश आहे. आणि मध्य प्रदेशातही राजधानीपासून दूर, भाषेने परका, असा जो कोपरा, त्याच्या वाट्याला काय येणार हे सांगायला ज्योतिषी नको. 'छिंदवाडा मॉडेल' नावाचे एक चित्र मध्यंतरी देशभर मिरवले गेले. छिंदवाड्याने १९८० पासून दिल्लीत वजन बाळगले, २०१८ ते २०२० राज्याला मुख्यमंत्रीही दिला. त्या चित्राच्या चौकटीत सातपुड्याच्या दक्षिण उताराला जागा मिळाली काय?

हे सरकारला जमतच नाही असेही कोणी समजू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव ह्यांच्या मधोमध जाम नदीत पळसाचे झाड रोवून गोटमार होते. शेकडो माणसे जखमी होतात. त्या एका दिवसासाठी तात्पुरती आरोग्य केंद्रे उभी राहतात, डॉक्टर जमतात, रुग्णवाहिका ओळीने उभ्या असतात. म्हणजे एकमेकांची डोकी फोडून घेतली तर शासन दिवसभरासाठी वैद्य पाठवते, आणि गप्प बसून दुखणे सोसले तर वर्षभर तारीख देते! ह्यातून शासन आम्हांला कोणता धडा शिकवू पाहते? दगड हातात घेतल्यावाचून डॉक्टर दिसत नाही, हा? आम्ही तो धडा गिरवणार नाही. पण तो दिला जातो आहे हे सांगितल्यावाचून राहणारही नाही.

आता इतिहासाचे पान उलटू. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारा विदर्भ 'मेडिकल' म्हणतो, ते १९४७ साली स्थापन झाले. तेव्हा नागपूर कोणाची राजधानी होते? मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची. आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख त्याच प्रांताचा भाग होता. ते महाविद्यालय ज्या खजिन्यातून उभे राहिले त्यात आमच्या शेतसाऱ्याचा पैसा आहे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. छिंदवाडा जिल्हा मात्र हिंदी भाषिकांच्या बहुमताचा म्हणून अखंड मध्य प्रदेशात ठेवला गेला, आणि त्याच्या दक्षिण टोकाचे मराठी भाऊबंद त्या हिशेबात गुरफटले गेले. न्यायमूर्ती फाझल अली ह्यांच्या आयोगाने जिल्हा हाच घटक मानण्याकडे कल ठेवला होता; आमचा बळी त्या मोजपट्टीने घेतला. परंतु आंध्र आणि मद्रास ह्यांच्या सीमेचा प्रश्न सोडवताना ह. वि. पाटसकर ह्यांनी खेडे हा घटक, भाषिक बहुमत आणि सलगता ही तत्त्वे लावली, आणि त्यांचा निवाडा १९६० साली अमलातही आला. जे तत्त्व आंध्र आणि मद्रासच्या खेड्यांना लागू, ते जाम आणि कन्हान नद्यांच्या खोऱ्याला का नाही?

आणि नियतीचा विनोद पाहा! १९५६ साली जिल्हा तोडता येत नाही म्हणून आम्हांला थोपवले. २०२३ साली मात्र मध्य प्रदेश सरकारनेच छिंदवाडा जिल्हा तोडून पांढुर्णा आणि सौंसर ह्या नेमक्या दोन तालुक्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा केला. जी रेषा आम्ही बोटाने दाखवत होतो, ती त्यांनी शाईने आखली. आता जिल्हा एवढाच घटक धरायचा म्हटले, तरी हा घटक तयार आहे! जिल्ह्याचे फलक लागले, कार्यालयांची दारे रंगली. परंतु फलकाच्या वेगाने तज्ज्ञ येत नाहीत. जिल्हा झाला हे रोग्याने कशावरून ओळखावे? त्याची तारीख अलीकडे आली तर! बाकी सारे कागदी घोडे.

दवाखान्यातल्या भाषेचा प्रश्न तर ह्याहून बोचरा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला मोठ्या समारंभाने वैद्यकीय अभ्यासक्रमाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. वैद्यक आपल्या भाषेत शिकता आले पाहिजे, ह्या विचाराचे आम्ही स्वागतच करतो. मग हाच न्याय पुढे न्या! डॉक्टराला मातृभाषेत शिकण्याचा हक्क आहे, तर रोग्याला मातृभाषेत दुखणे सांगण्याचा नाही काय? लोधीखेड्याची म्हातारी 'चमक निघते', 'कढ येतात', 'जीव घाबरतो' असे सांगते. खिडकीपलीकडचा बाबू तिला हिंदीत दरडावतो. तिच्या हातात पडणाऱ्या कागदावरची तारीख, उपाशीपोटी यायची सूचना, गोळीची वेळ, ह्यातले काहीच तिला वाचता येत नाही. ती चुकीच्या दिवशी येते आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला लागते. भारतीय संविधानाच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार दिला आहे. मराठीत तक्रार करता येते आणि मराठीत तारीख मिळू शकत नाही, ही कुठली घटनानिष्ठा?

मध्य प्रदेश सरकारला आम्ही त्याच्याच एका चांगल्या कामाची आठवण देतो. लोकसेवांची हमी देणारा कायदा ह्या देशात सर्वांत आधी २०१० साली मध्य प्रदेशाने केला. ठरल्या मुदतीत दाखला दिला नाही तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये, इतका दंड अधिकाऱ्याला होऊ शकतो. उत्तम कायदा! मग कागदाच्या दाखल्याला मुदत आणि हाडामांसाच्या माणसाला मुदत नाही, हा पंक्तिप्रपंच कशासाठी? ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवेने तातडीच्या नसलेल्या उपचारांसाठी १८ आठवड्यांची मर्यादा घालून घेतली आहे. ती मर्यादा त्यांनाही २०१६ पासून पाळता आलेली नाही. २०२३ मध्ये त्यांची प्रतीक्षायादी ७० लाखांच्या वर गेली होती. परंतु ती यादी आहे! दर महिन्याला ती छापली जाते, तिच्यावरून पार्लमेंटात मंत्र्यांना उत्तरे द्यावी लागतात. आमच्याकडे यादीच नाही, म्हणून प्रश्न नाही, म्हणून उत्तरदायी मंत्रीही नाही. न मोजलेले दुःख सरकारदरबारी अस्तित्वातच नसते.

आता महाराष्ट्र सरकारकडे वळू, कारण थोरल्या भावाला जाब विचारण्याचा अधिकार धाकट्याला असतो. कर्नाटकात अडकलेल्या ८६५ मराठी गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ साली घेतला. बेळगाव-कारवारच्या बांधवांना तो लाभ मिळाला ह्याचा आम्हांला अभिमान वाटतो. पण त्या यादीत आमचे नाव का नाही? आम्ही न्यायालयात गेलो नाही, आमच्यासाठी विधिमंडळात ठराव झाला नाही, म्हणून आमचे मराठीपण हलके ठरते काय? काटोल, नरखेड, वरूड ही आमची सोयरिकीची गावे. बैल एकाच बाजारातला, संत्रा एकाच वाणाचा, पोळा एकाच दिवशी. रुग्णालयाच्या खिडकीशी मात्र आधार कार्डावरचा पत्ता पाहून आम्ही 'बाहेरचे' ठरतो!

काही शहाणे विचारतील, महाराष्ट्रात काय रामराज्य आहे? मेळघाटातली बालके कुपोषणाने गेलीच ना? नागपूरच्या मेडिकलमध्ये रांगा नाहीत काय? आहेत. त्या रांगांत आम्हीही उभे राहतो आणि त्यांची लांबी आम्हांला पक्की ठाऊक आहे. विलीनीकरण झाले की दुसऱ्या दिवशी डॉक्टर दारात उभा राहील, असली थाप आम्ही कधी मारली नाही आणि मारणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की ज्या रांगेत आम्ही उभे आहोत, त्या रांगेच्या धन्याला निवडण्याचा, त्याला आमच्या भाषेत जाब विचारण्याचा आणि तो ऐकत नसेल तर मतपेटीतून खाली ओढण्याचा हक्क आम्हांला हवा. आज आमचे मत भोपाळला आणि आमचा रोगी नागपूरला. मत एका सरकारला आणि गरज दुसऱ्या सरकारकडे, अशा माणसाची फिकीर कोणीच करत नाही. २०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात विषारी खोकल्याच्या औषधाने कोवळी बालके दगावली, तेव्हा मूत्रपिंडे निकामी झालेल्या लेकरांना घेऊन आईबाप धावले ते नागपूरकडेच. खोकला तर मुळीच तातडीचा आजार नव्हता! त्या घोर प्रसंगाचे कारण रांग नव्हे, विष होते, हे आम्ही जाणतो. पण जीवावर बेतल्यावर हिंदी भाषिक परासियाचे पायही कोणत्या दिशेला वळले, ते सर्वांनी पाहिले.

म्हणून, विलीनीकरणाचा दिवस उगवेपर्यंत, आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. तज्ज्ञाची भेट, सोनोग्राफी आणि नियोजित शस्त्रक्रिया ह्यांना लोकसेवा हमीच्या कायद्यात मुदत घाला. कोणाला कोणत्या दिवशी बोलावले, किती दिवस थांबवले, ह्याची नोंदवही नावे झाकून दर महिन्याला दवाखान्याच्या भिंतीवर लावा. तारखेची चिठ्ठी, फलक आणि औषधाच्या सूचना मराठीत द्या. आणि महाराष्ट्र सरकारने ८६५ गावांच्या पंक्तीला पांढुर्णा आणि सौंसर ह्या तालुक्यांची पाने मांडावीत.

वाचकहो, तुमच्या घरातली जी जी 'तातडीची नसलेली' तारीख असेल, ती वहीत लिहून ठेवा: कोणत्या दिवशी गेलात, पुढची कोणती मिळाली, भाड्याला किती गेले, मजुरी किती बुडाली. गावोगावच्या वह्या एकत्र करून आपण त्या पांढुर्ण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत नेऊ, भोपाळला नेऊ आणि मुंबईलाही नेऊ. सरकार मोजत नसेल तर आपण मोजू. सत्तर वर्षे आपण एका मोठ्या तारखेची वाट पाहत आहोत. तोवर ह्या लहान लहान तारखांचा हिशेब चुकता झालाच पाहिजे!