फुगा पाहायला जायचे तर आधी घरात ठरवा



परीक्षा संपत आल्या की मुलांना सहलीचे वेध लागतात. मोबाईलवर त्यांनी पाहिलेले असते की घराएवढे रंगीत फुगे पहाटेच्या आकाशात तरंगत आहेत, खाली टोपली आहे आणि टोपलीत माणसे उभी आहेत. ‘ते बघायला एक दिवस जाऊ या’ असा हट्ट सुरू होतो. घरातून उत्तर येते, ‘ती मोठ्या लोकांची हौस, आपल्याला काय करायची?’

आम्हाला हे उत्तर पटत नाही. फुग्यात बसणे महाग आहे, हे खरे. पण फुगा पाहणे आणि तो का उडतो हे समजून घेणे, यावर कुणाची मालकी नाही. मात्र ही सहल ऐन वेळी ठरवली तर पैसा जातो, एक दिवसाचा रोज बुडतो आणि मुलाचे मनही मोडते. म्हणून निर्मळ, सोपारा, वसई भागातल्या घरांसाठी तिचा हिशोब आज मांडत आहोत.

पहिला प्रश्न, जायचे कुठे? फुग्यांचा महोत्सव म्हणून आपल्या देशात नाव झाले ते तामिळनाडूतल्या पोल्लाचीचे. तो २०१५ साली सुरू झाला आणि जानेवारीत, पोंगलच्या सुमारास भरतो. पण ते एका दिवसात जाऊन येण्याचे ठिकाण नव्हे. आपल्याला जवळचे म्हणजे लोणावळ्यापुढचे कामशेत. त्या भागातल्या माळांवरून गरम हवेच्या फुग्यांच्या सफरी झालेल्या आहेत. तिथे मेळा भरत नाही, दिसला तर एखाददुसरा फुगा दिसतो. शिवाय तिथल्या टेकड्यांवरून माणसे कापडी पंख बांधून उडतात, त्याला पॅराग्लायडिंग म्हणतात. पावसाळा सोडून ते चालते आणि खाली उभे राहून पाहायला पैसे पडत नाहीत. म्हणजे फुगा नाही दिसला तरी दिवस वाया जाणार नाही. तरीही निघण्यापूर्वी दोन दिवस आधी फोन करून ‘उड्डाण आहे का’ हे विचारलेच पाहिजे.

मुले विचारतील, आपल्या निर्मळलाच का नाही उडवत? प्रश्न चांगला आहे आणि उत्तर शाळेच्या भूगोलात आहे. खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनी पाठ केले होते. पहाटे जमीन थंड असते, तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपारी तो उलटा फिरतो. फुग्याला सुकाणू नसते. वारा नेईल तिकडे तो जातो. चालवणारा फक्त वर-खाली करून वेगळ्या दिशेचा वारा शोधतो. पहाटे निर्मळवरून सोडलेला फुगा थोड्या वेळात कळंबच्या किनाऱ्यावरून समुद्रात जाईल! उतरायचे म्हटले तर खाली वाड्या, माड आणि विजेच्या तारा. म्हणून त्याला घाटावरचे मोकळे माळच बरे.

आता तो उडतो कसा? निर्मळच्या जत्रेत मिळतो त्या गॅसच्या फुग्यात हवेपेक्षा हलका वायू असतो. या मोठ्या फुग्यात मात्र आपली साधी हवाच असते, फक्त तापवलेली. एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा खोक्यात मावणाऱ्या हवेचे वजन साधारण १.२ किलो भरते. ती शंभर अंशांपर्यंत तापवली की तेवढ्याच जागेतली हवा एक किलोच्याही आत येते. म्हणजे प्रत्येक खोक्यामागे पाव किलो उचलण्याची ताकद. फुग्यात असे २८०० खोके मावले तर ताकद झाली ७०० किलो. त्यातून कापड, टोपली आणि गॅसच्या टाक्यांचे वजन वजा करा. उरले त्यात चार-पाच माणसे. सातवीतल्या मुलामुलींना हे गणित घरीच करायला द्या.

लहानांसाठी एक प्रयोग आहे. रिकाम्या काचेच्या बाटलीच्या तोंडावर साधा फुगा ताणून बसवा आणि बाटली कोमट, मग गरम पाण्याच्या पातेल्यात धरा. आतली हवा फुगते आणि फुगा उभा राहतो. मोठ्या माणसाने जवळ बसून करावा. कागदी कंदिलात आग पेटवून तो उडवण्याचा खेळ मात्र चाळीत आणि वाडीत अजिबात नको. तो कुणाच्या छपरावर पडेल ते सांगता येत नाही.

मुलांना इतिहासही सांगा. १७८३ साली फ्रान्समध्ये कागद बनवणाऱ्या घराण्यातल्या मोंगोल्फिए बंधूंनी असा फुगा केला. १९ सप्टेंबरला त्यात मेंढी, बदक आणि कोंबडा बसवून पाठवले. पुढे माणूस पाठवायचा तर राजाचे म्हणणे पडले की शिक्षा झालेले कैदी पाठवा, मेले तर मेले. पण पिलात्र द रोझिए या तरुणाने हा मान मागून घेतला आणि २१ नोव्हेंबरला तो एका सोबत्यासह पॅरिसवरून उडाला. धोका असेपर्यंत कैद्यांचे काम आणि यश दिसू लागले की मानाचे, ही रीत तिथेही होतीच. आपल्या मुंबईचेही नाव या इतिहासात आहे. २६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मुंबईतून गरम हवेच्या फुग्यातून २१,०२७ मीटर उंच गेले. तो जागतिक विक्रम ठरला.

आता वेळेचा हिशोब. इथेच पुष्कळांची फसगत होते. फुगा उडतो तो उजाडताना, वारा शांत असतो तेव्हा. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते आणि मग फुगा सोडत नाहीत. नालासोपाऱ्याहून पहिली लोकल पकडली, दादरला गाडी बदलली, तरी लोणावळा येईपर्यंत सूर्य वर आलेला असतो. म्हणून दोनच मार्ग. तळेगाव, देहूरोड, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात आपल्या कितीतरी घरांची सोयरीक आहे. आदल्या रात्री तिकडे मुक्काम करा आणि पहाटे लोणावळ्याकडे येणाऱ्या लोकलने कामशेतला उतरा. नाहीतर सकाळी घरून निघा आणि संध्याकाळचे दोन तास धरा. सूर्य कलला की वारा पुन्हा मंदावतो. त्या वेळी पॅराग्लायडिंगवाले उडतात, आणि फुगा असलाच तर दोर बांधून थोडा वर नेतात.

दुसरा मार्ग धरलात तर मधला वेळ मोकळा राहतो. लोणावळ्यानंतरचे स्टेशन मळवली. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले, आणि पुढे कामशेतजवळ बेडसे. कार्ल्याच्या चैत्यात एका खांबावर लेख आहे. सोपाऱ्याच्या एका धम्मभाणकाने तो खांब दान दिला. म्हणजे आपल्या गावचा माणूस सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून तिथे नाव कोरवून आला! मुलांना तो खांब शोधायला लावा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट नाही. फक्त चैत्रात एकवीरेच्या यात्रेचे दिवस टाळा, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते.

फुग्यात बसण्याविषयी. माणशी काही हजार रुपये पडतात. दोन मुले आणि आईबाप म्हणजे महिन्याच्या वाणसामानाच्या वर रक्कम गेली. कर्ज काढून किंवा भिशी मोडून बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ‘आपण पाहायला चाललो आहोत, बसायला नाही’ हे मुलांना घरातून निघण्यापूर्वी सांगा. मैदानात सांगितलेले ‘नाही’ मुलाला टोचते. घरात कारणासह सांगितलेले ‘नाही’ त्याला समजते. पुढे कुणी पैसे साठवून बसणार असेल तर चालकाचा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना आधी पाहा. २०१३ साली इजिप्तमध्ये लक्झर येथे फुग्याला आग लागून १९ माणसे गेली. टोपलीत तासभर उभेच राहावे लागते, उतरताना धक्का बसतो. गरोदर बाई, गुडघ्याचे दुखणे असलेली आजी आणि अगदी लहान मूल यांनी खालीच थांबावे.

शेवटचे आणि महत्त्वाचे. सहल सगळ्यांची असते, पण रात्री दोनला उठून भाकऱ्या थापते ती एकटी आई. मग दिवसभर ती गाडीत पेंगते आणि मैदानात डबे राखत बसते. यंदा कामे वाटून घ्या. आदल्या रात्री बापाने भाजी चिरावी, मुलांनी पाण्याच्या बाटल्या भराव्यात, आजीने शेंगदाण्याची चटणी करावी. प्रवासखर्चाची चिठ्ठी मोठ्या मुलीकडे द्या. आणि फुगा वर जाताना डब्यांची पिशवी बापाच्या हातात असू द्या. मान वर करून आकाशाकडे पाहायला तिचेही दोन्ही हात मोकळे हवेत.