फुटबॉल क्लबांचे धनिक मालक आणि चाहत्यांचा विवेक

धम्माची आणि मानवी हक्कांची चर्चा करणाऱ्या या पाक्षिकात इंग्लंडमधील फुटबॉल क्लबांचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर प्रारंभीच दिलेले बरे. खेळाचे मैदान ही आपल्याला परकी जागा नव्हे. पालवणकर बाळू यांनी आपल्या डावखुऱ्या गोलंदाजीने हिंदू संघाला सामने जिंकून दिले, १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात नाव कमावले; परंतु त्या हिंदू संघाचे कर्णधारपद जातीमुळे त्यांना कधीही मिळाले नाही. खेळात मान कोणाला मिळतो, तो देणारा कोण असतो आणि त्या मानाच्या आड काय झाकले जाते, हे प्रश्न म्हणूनच आपले आहेत. शिवाय ज्या सत्ताधीशांविषयी येथे लिहावयाचे आहे, त्यांच्या देशांत महाराष्ट्रातील अनेक श्रमिक घाम गाळीत आहेत, हेही विसरता येत नाही.

प्रश्न असा आहे. ज्याच्या संपत्तीवर किंवा सत्तेवर जुलमाचे डाग आहेत, अशा धनिकाने लोकांच्या जिव्हाळ्याचा क्लब विकत घेतला, तर त्या क्लबवर प्रेम करणाऱ्या सामान्य माणसाने काय करावे? हा प्रश्न हवेतला नाही. न्यूकॅसल युनायटेड या क्लबचे उदाहरण घेऊन तो पाहू.

न्यूकॅसल हे इंग्लंडच्या ईशान्य भागातील शहर. कोळसा आणि जहाजबांधणी यांवर ते वाढले. खाणी बंद पडल्या, गोद्या ओस पडल्या. क्लब तेवढा राहिला. कामगारांच्या तीनचार पिढ्यांनी तो आपला मानला. २००७ पासून त्याची मालकी माईक ॲशली या व्यापाऱ्याकडे होती व तो क्लबवर पुरेसा खर्च करीत नाही, अशी चाहत्यांची तक्रार होती. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या पुढाकाराने हा क्लब सुमारे ३० कोटी पौंडांना विकत घेण्यात आला. ८० टक्के हिस्सा या निधीकडे गेला. निधीचे अध्यक्ष आहेत युवराज मोहम्मद बिन सलमान. त्या दिवशी मैदानाबाहेर हजारो लोक जमून नाचले. काहींनी तर अरबी शिरोवस्त्रे डोक्याला बांधली होती.

हा सौदा एप्रिल २०२० मध्येच ठरला होता, पण दीड वर्ष अडून राहिला. तो कशामुळे अडला, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. निधी आणि सौदी राज्य यांत भेद आहे की नाही, हा एक मुद्दा होता. दुसरा मुद्दा होता कतारच्या दूरचित्रवाणी वाहिनीचा. त्या वाहिनीवर सौदी अरेबियात बंदी होती आणि तिच्या प्रक्षेपणाची राजरोस चोरी चालली होती. प्रीमियर लीगचे उत्पन्न प्रक्षेपणाच्या हक्कांवर अवलंबून असते. ६ ऑक्टोबरला ती बंदी उठल्याचे वृत्त आले आणि दुसऱ्याच दिवशी सौदा पार पडला. लीगला सतावीत होती ती चित्रांची चोरी! माणसाच्या प्राणांचा प्रश्न तिच्या नियमांच्या कक्षेतच नव्हता. मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे कलम मालकांच्या कसोटीत आले ते २०२३ मध्ये, म्हणजे सौदा झाल्यानंतर.

सौदी राज्य क्लबवर नियंत्रण ठेवणार नाही, अशी कायदेशीर हमी मिळाल्याचे लीगने जाहीर केले होते. पुढे २०२३ मध्ये गोल्फच्या स्पर्धांविषयी अमेरिकेत एक खटला चालला असता याच निधीच्या वकिलांनी न्यायालयात सांगितले की, निधी हे सौदी राज्याचे अंग आहे आणि त्याचे प्रमुख यासिर अल्-रुमय्यान हे सरकारातील मंत्री आहेत. सबब त्यांना सार्वभौम राज्याचे संरक्षण मिळावे. हेच अल्-रुमय्यान न्यूकॅसल क्लबचे अध्यक्ष! इंग्लंडात निधी राज्यापासून अलग आणि अमेरिकेत तो राज्याचेच अंग, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतील?

आता त्या राज्याची कृत्ये पाहा. २ ऑक्टोबर २०१८ रोजी पत्रकार जमाल खशोग्जी यांचा इस्तंबूल येथील सौदी वकिलातीत खून झाला. त्यांना पकडण्याच्या वा ठार मारण्याच्या मोहिमेस युवराजांची संमती होती, असा निष्कर्ष अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला; युवराजांनी तो आरोप नाकारला आहे. स्त्रियांना मोटार चालविण्याचा हक्क मिळावा म्हणून झगडणाऱ्या लुजैन अल्-हथलूल यांना मे २०१८ मध्ये अटक झाली. पुढच्याच महिन्यात तो हक्क सरकारने स्त्रियांना दिला, परंतु तो मागणारी स्त्री मात्र फेब्रुवारी २०२१ पर्यंत तुरुंगात राहिली. हक्क हा राजाच्या कृपेने मिळावा, तो कोणी मागू नये, हाच याचा अर्थ. हा न्याय आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके अनुभवला आहे.

१२ मार्च २०२२ रोजी सौदी अरेबियात एकाच दिवशी ८१ माणसांना देहान्त शिक्षा देण्यात आली. दुसऱ्या दिवशी, १३ मार्चला, न्यूकॅसलचा सामना लंडनमध्ये चेल्सी क्लबशी झाला. चेल्सीचे मालक रोमान अब्रामोविच यांच्यावर रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर ब्रिटिश सरकारने तीनच दिवसांपूर्वी निर्बंध घातले होते. त्याआधी ५ मार्चला युक्रेनसाठी मैदानात सहानुभूती व्यक्त होत असताना चेल्सीच्या काही चाहत्यांनी अब्रामोविच यांच्या नावाचा घोष केला होता. ही माणसे क्रूर होती असे आम्ही म्हणत नाही. घरी ती प्रेमळ असतील. परंतु २००३ पासून ज्याने चषक मिळवून दिले, त्याच्याविषयीच्या कृतज्ञतेपुढे त्यांना परक्यांचे दुःख दिसेनासे झाले.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातील भक्तीविषयी दिलेला इशारा वाचकांस ठाऊक आहे. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात ती अधःपाताकडे व शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांचे सांगणे होते. मैदानावरची भक्तीही हेच करते. खेळाडूविषयीची भक्ती एक वेळ निरुपद्रवी असेल. मालकाविषयीची भक्ती तशी नाही. खेळातील प्रतिष्ठेने दुष्कृत्यांचे डाग धुण्याच्या या प्रकारास आज ‘स्पोर्ट्सवॉशिंग’ असे नाव आहे. हे धुणे धनिकाला एकट्याने करता येत नाही. त्यासाठी त्याला हजारो प्रामाणिक माणसांचे प्रेम लागते आणि क्लबबरोबर तो तेच विकत घेत असतो.

या विचारावर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, निष्कलंक धनिक आहेत कोठे? गोरे मालक चालतात आणि अरब आला की नीती आठवते! या आक्षेपात तथ्य आहे. न्यूकॅसलचे पूर्वीचे मालक ॲशली यांच्या गोदामातील कामगारांना कशी वागणूक मिळत होती, यावर २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने कडक टीका केली होती. २००५ साली ग्लेझर या अमेरिकन कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला, तेव्हा खरेदीच्या कर्जाचा मोठा बोजा त्या क्लबच्याच डोक्यावर टाकला. ब्रिटिश सरकार तर सौदी अरेबियाला शस्त्रे विकीत आले आहे. म्हणून वंश, वर्ण वा धर्म पाहून केलेली टीका आम्हास मान्य नाही. कसोटी सर्वांना एकच असावी. परंतु इतर दोषी आहेत म्हणून हा दोषी सुटतो, हा युक्तिवाद टिकत नाही. अस्पृश्यता इतर देशांतील गुलामगिरीकडे बोट दाखवून कधी न्याय्य ठरली काय?

दुसरा आक्षेप असा की, पैसा कोठूनही येवो, त्याने भले होते. न्यूकॅसलने मार्च २०२५ मध्ये लीग चषक जिंकला. देशांतर्गत मोठ्या स्पर्धेतील तो १९५५ नंतरचा पहिला विजय होता. सत्तर वर्षांनी आलेल्या त्या आनंदाला खोटे ठरविण्याचे कारण नाही. भगवान बुद्धांनीही संपत्तीला पाप म्हटलेले नाही. अनाथपिंडिकाने जेतवनाची भूमी सुवर्णनाण्यांनी आच्छादून घेतली आणि तेथील विहार बुद्धांनी स्वीकारला. परंतु त्याच अनाथपिंडिकाला उपदेश करताना संपत्ती स्वकष्टाने व धम्माला धरून मिळविलेली असावी, हे त्यांनी स्पष्ट केले. शस्त्रांचा, माणसांचा आणि विषाचा व्यापार त्यांनी उपासकाला वर्ज्य सांगितला.

याहून महत्त्वाची गोष्ट कोसलच्या प्रसेनजित राजाची आहे. राजा बुद्धांना मानणारा होता. त्याने महायज्ञ मांडला; शेकडो बैल, कालवडी, बकरे यज्ञस्तंभाकडे नेण्यात आले आणि दास व सेवक दंडाच्या भयाने रडत रडत तयारी करीत होते. भिक्खूंनी हे येऊन सांगितले तेव्हा, राजा आपला आदर करतो म्हणून बुद्ध गप्प राहिले नाहीत. असा यज्ञ फलदायी नाही, असे त्यांनी सांगितले. दान आणि किंमत यांतला फरक येथे दिसतो. दान घेऊनही घेणाऱ्याची जीभ मोकळी राहते, तोवरच ते दान असते. ती जीभ बांधली गेली की ती मौनाची किंमत झाली. न्यूकॅसलच्या प्रशिक्षकांना त्या ८१ माणसांविषयी विचारले गेले, तेव्हा ते फुटबॉलविषयीच बोलत राहिले. नोकरी करणाऱ्या माणसाची अडचण समजण्यासारखी आहे; पण क्लब कोणत्या किमतीस विकला गेला, हे त्यातून कळते.

आणि त्या राजाच्या दासांप्रमाणे आजच्या भव्य मैदानांमागेही श्रमिक आहेत. आखाती देशांत ‘कफाला’ म्हणून जी पद्धत रूढ झाली, तिने परदेशी कामगाराचे राहणे मालकाच्या मर्जीशी बांधले. नोकरी बदलावयाची तर मालकाची परवानगी हवी; कित्येकांचे पारपत्रही मालकाच्या कपाटात. २०११ पासून पॅरिसच्या सेंट जर्मेन क्लबची मालकी ज्या कतारकडे आहे, त्याने बाहेरच्या टीकेनंतर २०२० मध्ये ही परवानगीची अट काढली. टीका झाली म्हणून निदान कायदा बदलला, हे मौनाचा उपदेश करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. चाहता म्हणतो, क्लब विकताना मला कोणी विचारले? वडिलांनी बोट धरून नेलेले मैदान मी सोडू कसा? हा माणूस दोषी नाही. त्याला विचारले गेले नाही, हाच मूळ अन्याय आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या बाबतीत सवर्णांनी न्यायालयात दावा केला होता की, तळे सार्वजनिक नसून खाजगी मालकीचे आहे. तो वाद १९३७ पर्यंत चालला आणि उच्च न्यायालयात ते हरले. जे सर्वांचे आहे ते काहींचे आहे असे ठरविणे, ही जुलमाची पहिली पायरी असते. क्लब हा तळ्यासारखा जीवनावश्यक नाही, हे खरे. तथापि ज्यांच्या वर्गणीवर व निष्ठेवर तो उभा राहिला, त्यांना त्यात एकही मत नसावे, हे न्यायाचे नव्हे.

उपाय नाही असेही नाही. जर्मनीत काही अपवाद वगळता क्लबच्या सभासदांकडे ५० टक्क्यांहून किमान एक मत अधिक असले पाहिजे, असा नियम आहे. बायर्न म्यूनिक क्लबने कतारच्या विमान कंपनीशी जाहिरातीचा करार केला, तेव्हा नोव्हेंबर २०२१ च्या वार्षिक सभेत सभासदांनी व्यवस्थापकांना धारेवर धरले. २०२३ मध्ये करार संपला, तो पुढे वाढविण्यात आला नाही. ग्लेझर कुटुंबाच्या खरेदीस विरोध करणाऱ्या चाहत्यांनी २००५ साली एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. तो लहान आहे, परंतु तेथे प्रत्येक सभासदास एक मत आहे. इंग्लंडमध्येही २०२५ च्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला आहे. मालकाची पारख तो कोणत्या कसोटीने करतो, हे आता दिसेल.

मुंबईलाही या प्रश्नाचा स्पर्श झाला आहे. मँचेस्टर सिटीची मालकी २००८ पासून अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांच्याकडे आहे. त्यांच्या समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटी क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२५ च्या अखेरीस तो सोडला. येताना मुंबईच्या चाहत्यांना कोणी विचारले नाही आणि जातानाही विचारले नाही.

वाचकहो, हा विषय आपल्या दारापासून दूर नाही. विहाराच्या बांधकामास, जयंतीच्या उत्सवास, वसतिगृहास देणग्या देणारे धनिक व पुढारी आपल्याकडेही येतात. देणगी घेतल्यानंतर फलकावर त्यांचे चित्र लागते. मग त्यांच्या कारखान्यातील कामगारांविषयी, त्यांच्या गावातील अत्याचाराविषयी त्याच सभेत बोलावयाचे असते, तेव्हा कोणी तरी हळूच म्हणतो, आज हा विषय नको. न्यूकॅसलच्या चाहत्याला नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या सभेतील हे वाक्य आठवावे.

यासाठी आमची सूचना साधी आहे. कोणत्याही धनिकाकडून संस्थेसाठी पैसा घेण्यापूर्वी सभासदांच्या सभेत तीन प्रश्न उघडपणे विचारावेत. हा पैसा कोठून आला? तो घेतल्यावर देणाऱ्याच्या विरुद्ध बोलण्याची आपली मोकळीक राहते काय? आणि उद्या त्याने हात काढून घेतला, तर आपल्या वर्गणीवर संस्था उभी राहील काय? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक नसतील, तर देणगी नम्रपणे नाकारावी आणि विहाराचा एक मजला कमी बांधावा.