धातूच्या बॅटला वेसण कशासाठी?

मांजरी : मुलांसाठी बेसबॉलची बॅट घेताना पालक किंमत व वजन पाहतात, तिच्यावरील प्रमाणपत्राच्या शिक्क्याकडे मात्र दुर्लक्ष होते. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये बॅट एकसंध लाकडाचीच लागते, जाडी २.६१ व लांबी ४२ इंचांहून अधिक चालत नाही. विद्यार्थ्यांना टिकाऊपणामुळे धातूची मुभा आहे. परंतु पोकळ धातू आघाताने दबून पूर्ववत होतो व चेंडू लाकडापेक्षा वेगाने परततो. लहान मुलांच्या लीगमध्ये पिचर फलंदाजापासून अवघ्या ४६ फुटांवर असतो. म्हणूनच तेथे २०११मध्ये महाविद्यालयांत, २०१२मध्ये शाळांत व २०१८मध्ये बालगटात धातूच्या बॅटची उसळी लाकडाच्या जवळ आणणारे निकष लागू झाले. शिक्क्याविना मिळालेली जुनी बॅट स्वस्त असली, तरी समोरच्या मुलाला ती महागात पडू शकते.