किल्ली चव्हाट्यावर

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मीच पहिला. वडील हमाली करतात. आई बाहेर जाताना कुलपाची किल्ली कोनाड्यात ठेवते आणि ही गोष्ट साऱ्या आळीला ठाऊक असते. चोरण्यासारखे घरात काही नाही, त्यामुळे आजवर बिघडले नाही. हीच सवय घेऊन मी संगणकाकडे गेलो.

कला शाखेच्या मुलाने ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. गावच्या वाचनालयासाठी मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. पुस्तक परत करण्याची आठवण तो ई-मेलने पाठवी. सगळ्या फाईली मी गिटहबवर जाहीर ठेवल्या. त्यांतल्या सेटिंगच्या फाईलीत माझ्या ई-मेलचा पासवर्ड होता. दोन दिवसांनी ध्यानात आले, ती ओळ खोडली आणि निर्धास्त झोपलो.

एका मित्राने जुनी नोंद उघडून दाखवली, पासवर्ड जसाच्या तसा! सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करतात, नाव पुसत नाहीत. गिटचेही तसेच आहे. प्रत्येक आवृत्ती ते जपून ठेवते. आणि त्याच ई-मेलमध्ये शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडलेला वडिलांचा उत्पन्नाचा दाखला आणि माझे आधार कार्ड होते.

"तुझ्या फाईलीत कोणाला रस?" हा युक्तिवाद मला पटत नाही. अशा किल्ल्या हुडकणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात; त्यांना गरीब-श्रीमंत कळत नाही. टोयोटासारख्या कंपनीची एक किल्ली डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत गिटहबवर उघडी पडली होती, आणि २,९६,०१९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते धोक्यात आले.

माझा राग शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. ज्या व्हिडिओंवरून मी शिकलो, त्यांत पासवर्ड सरळ प्रोग्राममध्ये लिहून "हे नंतर काढा" एवढेच सांगतात. नंतर म्हणजे केव्हा? गुपिते वेगळ्या फाईलीत ठेवावीत आणि पहिली नोंद करण्याआधीच तिचे नाव गिटइग्नोरमध्ये घालावे, हे पहिल्या धड्यातच यायला हवे. एकदा नोंदली गेलेली फाईल नंतर तिथे नाव घालून लपत नाही. चूक झालीच तर आधी पासवर्ड बदलावा, इतिहासाची साफसफाई मागाहून करावी. मी नेमके उलटे करीत बसलो होतो.

आता जाहीर ठेवतो ती नमुन्याची फाईल. तीत पासवर्डची जागा कोरी असते. कोणाला हवी असल्यास दुपारी तीननंतर मी कॉलेजच्या ग्रंथालयातच असतो.