उरलेल्या गोळ्यांचा हिशेब

पावसाळा लागला की सर्दी, खोकला आणि ताप यांचा मुक्काम घरोघरी पडतो. अशा वेळी शहरातील सुशिक्षित कुटुंबांतून जे घडते ते चिंता वाटावी असेच आहे. कपाटातील डबा उघडला जातो, मागल्या दुखण्यातील चार-दोन गोळ्या सापडतात आणि त्या रोग्याच्या हातावर ठेवल्या जातात. डबा रिकामा असल्यास कोपऱ्यावरचा औषधविक्रेता आहेच! डॉक्टरांची फी वाचल्याचे समाधान मानून घरची मंडळी निश्चिंत होतात. ही काटकसर फार महाग पडणारी आहे, हे स्पष्टपणे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रतिजैविके, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील अँटिबायोटिक्स, जिवाणूंचा नाश करतात; विषाणूंपुढे त्यांची मात्रा चालत नाही. साधी सर्दी वा फ्ल्यू हे विषाणूंचे विकार. त्यांवर ही औषधे घेणे व्यर्थ होय. नुकसान पैशापुरते असते तर गोष्ट वेगळी. परंतु औषध अकारण वा अपुरे घेतले की दुबळे जिवाणू मरतात, चिवट तेवढे तगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. पुढे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही गाठतात. एकाच्या उतावीळपणाचा दंड दुसऱ्याने भरावयाचा, तो असा.

हा धोका कोणी सांगितला नव्हता असे नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेविषयी इशारा दिला होता. १९५४ साली आपल्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, तेव्हा हे औषध देशात मिळावे कसे, हा प्रश्न होता. आज ते हवे तेव्हा मिळते. वापरण्याचा विवेक मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२ साली प्रसिद्ध केला. क्षयाचेच पाहा. नेहमीच्या उपचारास सहसा सहा महिने लागतात. पण खोकला थांबताच अनेक रोगी औषध सोडतात आणि पुढे अधिक कठीण, अधिक खर्चाच्या उपचारांस सामोरे जातात.

कायदा नाही असेही नाही. २०१४ पासून काही प्रभावी प्रतिजैविके विकताना डॉक्टरांचे व रोग्याचे नाव नोंदवहीत लिहिण्याचे बंधन औषधविक्रेत्यावर आहे. वेष्टनावरील लाल रेषा म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून औषध घेऊ नये, अशी जाणीव सरकारने २०१६ साली करून दिली. वृत्तपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणाऱ्या आमच्या किती वाचकांनी ती रेषा न्याहाळली असेल?

दोष एकट्या रोग्याचा नव्हे. ‘जरा जोरदार औषध द्या’ असा रोग्याचा हट्ट असतो, आणि तो दुसऱ्या दवाखान्यात जाईल या धास्तीने काही डॉक्टर तो पुरवितात. समजावून सांगण्यास पाच मिनिटे लागतात, चिठ्ठी खरडण्यास अर्धे मिनिट पुरते! डॉक्टरांनी ती पाच मिनिटे द्यावीत आणि औषध किती दिवस घ्यावयाचे हे मराठीत लिहून द्यावे. शाळांनीही आरोग्याचा पाठ परीक्षेपुरता ठेवू नये.

वाचकांस मात्र आमची विनंती निराळी आहे. मला झाले आहे काय, हे औषध कशासाठी, आणि ते किती दिवस घ्यावयाचे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून दवाखान्याची पायरी उतरू नये. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. डॉक्टरांस न विचारता औषध मध्येच सोडू नये आणि उरलेली गोळी दुसऱ्यास देऊ नये. सुशिक्षितपणाची एवढी कसोटी तरी आपण उतरलो पाहिजे.