मालकी रानांस कोणी वाली आहे काय ?

भाताच्या सुधारलेल्या बियाण्याविषयीं, खतांविषयीं व आंब्याच्या कलमांविषयीं या मासिकांत आजवर पुष्कळ उपयुक्त लेख येऊन गेले. परंतु महाड व पोलादपूर या तालुक्यांतील कित्येक खातेदारांपाशीं भातखाचरांहून अधिक जमीन वरकस व डोंगरउताराची आहे, आणि तिजवर ऐन, किंजळ, खैर, हिरडा, बेहडा, शिवण अशीं झाडें उभीं आहेत, याचा विचार फारसा झालेला आढळत नाहीं. खाचर आपण शेत म्हणून सांभाळतों. रान मात्र आपोआप वाढतें, अशी आपली समजूत. मुलीचें लग्न, घराचें छप्पर, मुंबईचें आजारपण असा प्रसंग आला म्हणजे त्या रानाची आठवण होते, आणि आपणांस आठवण होण्यापूर्वींच व्यापाऱ्याचा माणूस ओटीवर येऊन बसलेला असतो.

सौदा उक्ता होतो. झाडें मोजलीं जात नाहींत, घेर घेतला जात नाहीं. डोंगराकडे हात करून आंकडा ठरतो. मालक कुलमुखत्यारपत्रावर सही करितो व मोकळा होतो. पुढें मोजणी, वृक्ष अधिकाऱ्याकडील अर्ज, हातोड्याची छाप, वाहतुकीचा परवाना हें सर्व व्यापारी पाहतो. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असे अर्ज मीं पुष्कळ पाहिले. त्यांवर नांव मालकाचें, पण अक्षर व हेलपाटे दुसऱ्याचे. व्यापाऱ्यास शिव्या देण्यांत अर्थ नाहीं. जें काम मालकास जमत नाहीं तें तो करितो व त्याचा मोबदला घेतो. तो मोबदला किती, हें मात्र मालकास कधींच कळत नाहीं. कारण मालक विकतो डोंगर, आणि तेंच लांकूड पुढें टनावर किंवा घनमीटरावर विकलें जातें.

या कामांतील खरी गांठ कागदाची आहे. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचींत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ इत्यादि झाडें आहेत. तीं स्वतःच्या जमिनींतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. त्यावर ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वनें संपादनाचा कायदा अंमलांत येऊन कोंकणांतील कित्येक मालकी रानें सरकारांत निहित झालीं. ज्यांची एकूण जमीन १२ हेक्टरांहून अधिक नव्हती त्यांस ती परत देण्याची तरतूद पुढें कलम २२ अ अन्वयें झाली खरी. पण परतीचा हुकूम एका कचेरींत आणि सातबाऱ्यावरील शेरा दुसरीकडे तसाच, असेंहि घडतें. जुनी नोटीस निघाली परंतु ती बजावलीच गेली नाहीं, तर नुसत्या तिच्या आधारें जमीन खाजगी वन ठरत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ३० जानेवारी २०१४ रोजीं गोदरेज कंपनीच्या प्रकरणांत दिला. मुंबईच्या कंपनीस वकील होते. पोलादपूरच्या खेड्यांतील खातेदारास, आपल्या इतर हक्कांच्या रकान्यांतील शेरा कोणत्या फेरफारानें आला, एवढें सांगणाराहि कोणी भेटत नाहीं.

शिवाय एकेका उताऱ्यावर पंचवीस-तीस नांवें. निम्मे हिस्सेदार गिरण्यांच्या काळीं मुंबईस गेले, त्यांचीं मुलें तिकडेच स्थिरावलीं, आणि आजोबांच्या मागची वारसनोंद अजून व्हावयाचीच आहे.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, आपल्या संघानें मालकी रानांचें काम हातीं घ्यावें. आरंभीं एक लिहिणारा व एक रानांतलें जाणणारा, अशीं दोन माणसें पुरेत. पहिल्यानें उतारे व फेरफार काढून शेऱ्याचा उगम शोधावा, वारसनोंदी लावून घ्याव्या, मुंबईकर भावकीच्या संमत्या गोळा कराव्या. दुसऱ्यानें झाडांचा घेर व उंची टिपून मालकाच्या हातीं यादी द्यावी. ती यादी हातीं असली म्हणजे व्यापाऱ्याशीं बोलण्याची तऱ्हाच पालटते. लगतच्या पांच-दहा खातेदारांचा माल एकत्र करून मापावर लिलाव केला, तर अर्जाचा व मोजणीचा खर्चहि वांटला जाईल. २०२३ च्या डिसेंबरांत देशभर वाहतूक परवान्याची एकच संगणकीय पद्धति सुरू झाली. तिचा उपयोगहि जाणत्यासच होणार. बांबू तर २०१७ च्या दुरुस्तीनें, वनाबाहेर वाढलेला असल्यास, झाडाच्या व्याख्येंतूनच सुटला आहे, आणि तरी बांधावरचा बांबू आपण अजून भीतभीत तोडतों !

तोडीची रीतहि संघानें ठरवून द्यावी. उक्त्या सौद्यांत रान सपाट केलें जातें, कारण घेणाराला त्या डोंगरावर पुन्हां यावयाचें नसतें. जमिनीलगत, तिरकस व साल न फाडतां तोड घेतली तर साग व ऐन यांच्या खोडांस जोमदार फुटवे येतात. त्यांतील एक-दोन राखून बाकीचे काढावे लागतात, आणि पहिलीं कांहीं वर्षें गुरें व फाल्गुन-चैत्रांतील वणवा यांपासून जपावें लागतें. राबासाठीं फांद्या छाटून ऐन-किंजळ जगविण्याची कला आपल्या वाडवडिलांस होती, तेव्हां हें शास्त्र आपणांस परकें नाहीं.

२२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. २००५ च्या जुलैंत दासगांव व जुई येथेंहि असाच अनर्थ झाला. या दरडी वृक्षतोडीमुळेंच पडल्या असें म्हणण्यास माझ्यापाशीं आधार नाहीं; तसा पाऊस कोणताहि डोंगर सोसूं शकेलच असें नव्हे. तथापि जेथें वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, तेथें वस्तीच्या डोक्यावरचा उतार एका हंगामांत बोडका करूं नये, एवढें समजण्यास भूगर्भशास्त्र लागत नाहीं. असे उतार संघानें तोडीच्या यादींतून वगळावे.

वगळलेल्या रानाचें उत्पन्न काय, हा प्रश्न रास्त आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील संगमेश्वर तालुक्यांत पुण्याच्या ॲप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेनें रान न तोडण्याबद्दल गांवांस मोबदला देणारे करार केले आहेत. तिच्याच खटपटीनें सह्याद्रींतील हिरडा-बेहड्याचीं फळें फेअरवाइल्ड प्रमाणपत्रासह विलायतेच्या औषधी बाजारांत गेलीं. मात्र हल्लीं कार्बनच्या नांवानें लांब मुदतीचे करार घेऊन फिरणारेहि आहेत. मुदत किती, मोडल्यास दंड कोणास, हें वाचल्याखेरीज सही करूं नये.

संघानें खत-बियाणें सांभाळावें, रानाच्या भानगडींत पडूं नये, असें कांहीं सभासद म्हणतील. स्वीडनच्या दक्षिण भागांत १९३८ मध्यें रानमालकांनींच सोद्रा नांवाचा सहकारी संघ काढला. आज त्याचे पन्नास हजारांहून अधिक सभासद असून लगद्याचे व लांकूड कापण्याचे कारखाने त्याच्या मालकीचे आहेत. फिनलंडांत १९५० च्या कायद्यानें रानमालकांवर अशा संघांसाठीं पट्टी बसविली होती. २०१५ पासून ती सक्ती उठली, तरी संघ चालूच आहेत. इतकें लांब कशास ? आपल्याच मुंबई इलाख्यांत १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या. मजुरानें एकत्र यावें आणि मालकानें मात्र ओटीवर एकटें बसून सौदा करावा, हें मला विचित्र वाटतें.

सरकारी अनुदानाची वाट पाहूं नये असें माझें मत आहे. उतारे काढण्यास ठराविक फी व विक्रीवर अल्प अडत घेतल्यास दोन माणसांचा पगार निघावा. आरंभास एकच गांव घ्यावें. तोडीचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. तत्पूर्वीं ज्या सभासदांस रस असेल त्यांनीं आपल्या वरकस जमिनीचे चालू सातबारे, हाताशीं असल्यास जुने फेरफार, आणि मुंबईस असलेल्या हिस्सेदारांचे पत्ते संघाच्या कचेरींत आणून द्यावे. उतारे वाचण्याचें काम पहिलें वर्षभर मी विनामूल्य करीन.